बोधिवृक्षाची फांदी आणि इन्सुलिनची बाटली



विहारात वंदनेनंतर शुगरचा विषय निघाला की हल्ली एक प्रश्न येतोच: "ताई, इन्सुलिन म्हणे क्लोनिंग करून बनवतात. ते टोचून घ्यावं का?" या भीतीने कोणी सुई बंद केली तर जिवावर बेतते. म्हणून आधी क्लोन म्हणजे काय ते पाहू.

क्लोन म्हणजे मूळ जीवाशी जनुके तंतोतंत जुळणारी प्रत. आपल्या खाण्यातल्या केळीला बी धरत नाही. जळगावचा शेतकरी मुनवे लावतो किंवा टिश्यू कल्चरची रोपे आणतो. सगळी बाग एकाच वाणाच्या प्रती, त्यामुळे रोगही एकदम पसरतो. एकाच फलित बीजापासून झालेली जुळी भावंडे एकमेकांची क्लोनच. संघमित्रा थेरींनी बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी श्रीलंकेत अनुराधापूरला नेली, अशी परंपरा आहे. फांदीपासून वाढलेले झाड मूळ वृक्षाचा क्लोन. बीपासून उगवलेला पिंपळ मात्र त्याची संतती.

अख्खा प्राणी क्लोन करणे फार अवघड. १९९६ साली स्कॉटलंडमध्ये डॉली मेंढी जन्मली, ती २७७ प्रयत्नांतून एकच.

इन्सुलिनमध्ये असे काहीच नाही. इन्सुलिन कसे बनवायचे हे सांगणारे माणसाचे एकच जनुक जिवाणूत किंवा यीस्टमध्ये बसवतात. जिवाणू वाढले की त्या जनुकाच्या प्रतीही वाढतात आणि ते इन्सुलिन तयार करू लागतात. तेच शुद्ध करून बाटलीत भरतात. बाटलीवर 'ह्युमन' लिहिलेले असते म्हणून दचकू नका, ते कुणा माणसाच्या शरीरातून काढलेले नसते. उलट १९८२ पर्यंत ते गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढावे लागे. बाळाला जन्मानंतर २४ तासांत देतात ती हिपॅटायटिस बी लसही अशीच यीस्टमध्ये बनते. ती आपण निमूट घेतोच की!

टाइप १ मधुमेहाच्या मुलाचे इन्सुलिन थांबले तर काही दिवसांत जीव जाऊ शकतो. काढा, पाला त्याची जागा घेत नाही. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, गुंगी दिसली तर लगेच रुग्णालय गाठा. बाटली फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. एकदा गोठलेले इन्सुलिन वापरू नका.