परगावची स्पर्धा आणि पाण्याची बाटली

पावसाळा सरत आला की महाविद्यालयांना आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे वेध लागतात. मुरुडच्या मुलामुलींनाही खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉलसाठी लातूर, उदगीर, नांदेडला जावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी अजिंक्यपद पटकावले. महिला संघाचे नेतृत्व महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिने केले होते. अशा बातम्यांनी मुलींना हुरूप येतो, हे चांगलेच आहे. मात्र परगावच्या दोन दिवसांत प्रकृतीची काळजी कशी घ्यावी, याचा विचार क्वचितच होतो.

मागच्या मोसमात मी डॉक्टर या नात्याने मुलींच्या एका खो-खो संघाबरोबर दोन दिवस गेलो होतो. पहाटेची एसटी, पोहोचताच पहिला सामना, दुपारी दुसरा, रात्री सतरंजीवर जेमतेम झोप आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सामने. दिवस ऑक्टोबरचे, ऊन चांगलेच तापलेले. दुसऱ्या सामन्यात एका मुलीच्या पोटऱ्यांत गोळे आले. सकाळपासून किती पाणी प्यालीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तिथं बाथरूमची सोय नसती, म्हणून आम्ही सकाळधरनं पाणीच पीत नाही." बाराही जणींचे उत्तर थोड्याफार फरकाने हेच होते. आजचा लेख त्या उत्तरासाठी आहे.

घाम कशासाठी येतो?

स्नायू काम करतात तेव्हा खर्ची पडणाऱ्या शक्तीचा सुमारे पाऊण हिस्सा उष्णतेत जातो. खो-खोचा सामना पूर्ण रंगला तर ९ मिनिटांच्या चार पाळ्या होतात आणि त्यांत बसणे, उठणे, वळणे, धावणे सतत चालते. शरीरात साठणारी ही उष्णता घाम वाळताना बाहेर पडते. उन्हात जोरात खेळताना तासाला एक लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम जाऊ शकतो. पन्नास किलो वजनाच्या मुलीच्या अंगातून एक लिटर पाणी गेले, म्हणजे तिचे दोन टक्के वजन घटले. एवढ्यानेच पाय जड होतात, नाडी जलद चालते आणि लक्ष विचलित होते. खो देताना चूक होते, त्याचे खापर नशिबावर फुटते. खरे कारण रिकामी बाटली असू शकते.

पाणी कमी पिऊन लघवी तुंबवून ठेवल्यास मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होण्याचाही संभव वाढतो. म्हणून संघ निघण्यापूर्वी क्रीडाशिक्षकांनी यजमानांना फोन करून मुलींच्या स्वच्छतागृहाची चौकशी करावी. मैदान आखण्याइतकेच हे महत्त्वाचे आहे. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे आहे, हेही विचारून ठेवावे.

किती व काय प्यावे?

सामन्याच्या दोन-तीन तास आधी दोन ग्लास पाणी घ्यावे. खेळताना प्रत्येक विश्रांतीत थोडे थोडे प्यावे. लघवीचा रंग फिकट लिंबासारखा असेल तर पाणी पुरेसे आहे, गडद पिवळा असेल तर कमी पडते आहे, अशी साधी खूण लक्षात ठेवावी. मात्र घामाबरोबर मीठही जाते. दिवसभर घाम गाळून नुसतेच साधे पाणी भरमसाट पिणेही घातक ठरते. रक्तातील मीठ पातळ होऊन मळमळ, डोकेदुखी, क्वचित झटकेही येतात.

घरचा उपाय सोपा आहे. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. पातळ ताक, लिंबूपाणीही चालते. दुकानातील जलसंजीवनीची पुडी घेतल्यास ती पुडीवर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळावी. नावात 'ओआरएस' लावून गोड पेये विकली जात असत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याला मनाई केली. तेव्हा वेष्टन वाचूनच घ्यावे.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूर जिल्ह्याला पाण्याचे मोल सांगायला नको. बाटली ज्याची त्याची वेगळी असावी आणि ती घरूनच भरून न्यावी.

खाणे आणि झोप

भरपेट जेवण सामन्याच्या तीन तास आधी उरकावे. दीड तास आधी केळी, थोडी सुशीला किंवा पोहे चालतात. भजी व वडे सामना संपेपर्यंत दूर ठेवावेत, कारण तळलेले पदार्थ पोटात बराच वेळ रेंगाळतात. स्नायूंतील साखरेचा साठा भरून यायला सुमारे एक दिवस लागतो आणि पुढचा सामना तर सकाळीच असतो. म्हणून सामना संपल्यावर तासाभरात गूळ-शेंगदाणे, केळी आणि नंतर भात-वरण घ्यावे. प्रवासात दशम्या, धपाटे आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी उत्तम. रात्री गप्पांचा फड लवकर आवरावा. झोप मोडलेल्या खेळाडूला दुखापत लवकर होते.

घोटा मुरगळल्यास चोळू नये, शेकू नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटे धरावा, पट्टी बांधून पाय उंच ठेवावा. वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा मैदानात उतरू नये. शरीरात पाणी कमी असताना अशा गोळ्या मूत्रपिंडाला अपाय करतात.

धोक्याची घंटा

गोळे येणे ही पहिली सूचना. चक्कर, मळमळ, गळून जाणे ही दुसरी. अशा खेळाडूस सावलीत झोपवून पाय उंच करावेत, मीठ-साखरेचे पाणी द्यावे आणि त्या दिवशी खेळवू नये.

परंतु खेळाडू असंबद्ध बोलू लागला, ओळखेनासा झाला, झोकांड्या देऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजावा. अंगाला घाम आहे म्हणून निर्धास्त राहू नये, खेळताना होणाऱ्या उष्माघातात त्वचा ओलीही असते. शरीराचे तापमान अशा वेळी ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असते आणि पहिला अर्धा तास जीवनमरणाचा असतो. १०८ ला फोन करावा, पण गाडीची वाट पाहत बसू नये. जादा कपडे काढून अंगावर गार पाण्याच्या बादल्या ओताव्यात, वारा घालावा, मान, काखा व जांघेत बर्फ ठेवावा. शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा येथे उपयोग होत नाही.

गोळे आलेल्या त्या मुलीला आम्ही उरलेला दिवस विश्रांती दिली. रात्रीपर्यंत तिने दोन लिटर पाणी घेतले आणि दुसऱ्या दिवशी ती उत्तम खेळली. संघ उपांत्य फेरीत हरला, पण बाराही जणी धडधाकट घरी आल्या. पालकांनी मुलांच्या पिशवीत बुटांबरोबर दोन बाटल्या आणि मीठ-साखरेची पुडी आठवणीने ठेवावी.