इंजिनाचे दोन साक्षीदार

रत्नागिरीहून कोल्हापुराकडे मोटारीनें जाणाऱ्या प्रवाशास साखरपें सोडल्यावर आंबा घाटाचा चढ लागतो. गाडी भरलेली असावी, चालकानें गिअर वेळेवर बदललेला नसावा, आणि पत्र्याच्या डब्यांत सुपाऱ्या हलवाव्या तसा खडखडाट इंजिनांतून ऐकूं यावा, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस असेल. या आवाजास मेकॅनिक लोक ‘नॉकिंग’ म्हणतात. तो कां होतो, आणि इंजिनाची जुळणी करणाऱ्यानें त्याच्या जोडीला धुराची उष्णताहि कां मोजावी, हें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

पेट्रोलच्या इंजिनांत नळकांड्यांतील, म्हणजे सिलिंडरांतील, हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दट्ट्या वर येऊन दाबतो, आणि तो माथ्याशीं पोंचण्याच्या किंचित् आधीं ठिणगी पडते. भाजावळीस एका कडेनें आग लावावी तशी ज्वाला तेथून पुढें पुढें पसरत जाते. परंतु तिच्या रेट्यानें पलीकडच्या कडेचें न जळलेलें मिश्रण आणखी दाबलें जातें व तापतें. तें मर्यादेपलीकडे तापलें म्हणजे ज्वालेची वाट न पाहतां एकदम पेटतें. दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात आणि लोखंड घंटेसारखें थरथरूं लागतें. सामान्य मोटारींत ही थरथर सेकंदास सुमारें ६ ते ८ हजार वेळां होते. मनुष्याचा कान ती ऐकतो खरा, पण वाऱ्यांत व गोंगाटांत तो फसतो. म्हणून हल्लींच्या इंजिनाच्या अंगावर एक सेन्सर बसविलेला असतो. थरथरीनें त्यांत विजेचा सूक्ष्म दाब उत्पन्न होतो, आणि तो ओळखून गाडींतील संगणक ठिणगी कांहीं अंश उशिरां पाडतो.

ठिणगी उशिरां पाडली कीं खडखडाट थांबतो, हें प्रत्येक मेकॅनिकास ठाऊक असतें, आणि घोटाळा होतो तो येथेंच. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं आपली कार्ब्युरेटरची जुनी मोटार कोल्हापुरास जुळवून घेतली होती. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांचशें मीटर उंच. तेथल्यापेक्षां रत्नागिरीस हवेचा दाब सुमारें ६ टक्के अधिक. त्यामुळें येथें प्रत्येक घोटास हवा अधिक जाऊं लागली, पेट्रोल मात्र त्या प्रमाणांत वाढलें नाहीं, आणि मिश्रण विरळ झालें. गाडी येथें येतांच खडखडूं लागली. एका कारागिरानें डिस्ट्रिब्यूटर फिरवून ठिणगी बरीच मागें घेतली. आवाज बंद झाला व मालक संतुष्ट झाले. सहा महिन्यांनीं एका सिलिंडराची शक्ति गेली. उघडून पाहतात तों धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेची कड जळून तुकडा उडालेला!

याचें कारण असें कीं, ठिणगी उशिरां पडली म्हणजे ज्वलनहि उशिरां संपतें. तोंपर्यंत दट्ट्या बराच खालीं गेलेला असतो, आणि जी उष्णता त्यास ढकलण्यांत खर्च व्हावयाची ती झडपेवाटे तशीच बाहेर पडते. भर चढावर हा धूर ८०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. कानास यांतलें कांहींच कळत नाहीं. त्यासाठीं थर्मोकपल हवें. दोन निरनिराळ्या मिश्रधातूंच्या तारा एका टोंकास जोडून तें टोंक झडपेजवळ धुराच्या नळींत बसवितात. तापलेल्या व थंड टोंकांतील फरकामुळें अशा जोडींत वीज उत्पन्न होते, हें तत्त्व सीबेक यांच्या १८२१ सालच्या प्रयोगांतून पुढें आलें. नेहमींच्या जोडींत ८०० अंशांस ती सुमारें ३३ मिलिव्होल्ट भरते. तेवढ्यावर कांटा हलतो.

मग नुसता कांटाच पाहावा, असें कोणी म्हणेल. पण तोहि लबाड आहे. ठिणगी लवकर पाडीत गेलें कीं धूर थंड होत जातो; आणि प्रत्यक्ष नॉकिंग सुरू झाल्यावर उष्णता भिंतींत व दट्ट्याच्या माथ्यांत शिरत असल्यामुळें कांटा कधीं कधीं आणखी खालीं येतो. पाहणारा निश्चिंत, आणि आंत दट्ट्यास खड्डे पडत आहेत! म्हणून जाणता मनुष्य दोन्ही साक्षी एकाच वेळीं घेतो. एकाच चढावर, एकाच गिअरमध्यें, तेवढ्याच वेगानें गाडी पुन्हां पुन्हां नेतो, आणि ठिणगी एकेका अंशानेंच हलवितो. आवाज व उष्णता दोन्ही चढूं लागलीं, तर पहिला संशय विरळ मिश्रणाचा. पेट्रोल थोडें वाढविलें असतां त्याची वाफ होतांना उष्णता शोषली जाते व दोन्ही उतरतात. खिशास मात्र चाट बसते.

पेट्रोलांतच नॉकिंगवर औषध घालण्याची युक्ति १९२१ सालीं अमेरिकेंत थॉमस मिजली यांनीं काढली. पण तें औषध शिशाचें. धुराबरोबर तें विष लहान मुलांच्या अंगांत जाई. आपल्या देशांत शिसेयुक्त पेट्रोल २००० सालीं बंद झालें. आतां मिसळतात तें इथेनॉल. त्यानें नॉकिंगला आळा बसतो, परंतु त्यांत प्राणवायु मूळचाच असल्यामुळें जुन्या कार्ब्युरेटरांत मिश्रण उलट विरळ होतें.

त्या गृहस्थांच्या मोटारीस पुढें नवी झडप बसविली, कार्ब्युरेटरांतील जेट एका मापानें मोठें घातलें, आणि ठिणगी कोल्हापूरच्या खुणेपासून दोनच अंश मागें ठेवली. मग थर्मोकपल लावून ती आंबा घाटांत नेली. वरच्या एका वळणावर एखाद-दुसरा ठोका आतांहि ऐकूं येतो. मालक गिअर एक पायरी खालीं आणतात, आणि तो थांबतो.