गेलेल्या दोघी, न गेलेल्या दोघी

ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या गावातल्या पबमध्ये गाण्याची स्पर्धा चालू आहे. तीन आदिवासी बहिणी कंट्री धाटणीचं गाणं गातात. गोरे श्रोते तोंड फिरवतात, बक्षीस भलत्याच बाईला मिळतं. पियानोवरच्या डेव्हला मात्र या आवाजांची किंमत कळते. पुढे व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांपुढे गायचं ठरतं, तेव्हा तो त्यांना सोल संगीत शिकवतो. त्याचं म्हणणं असं, की दुःख दोन्हीकडे आहे; पण कंट्री गाणारा हरून घरी बसतो, सोल गाणारा गमावलेलं परत मिळवायला धडपडतो.

हा प्रसंग वेन ब्लेअर दिग्दर्शित ‘द सफायर्स’मधला (२०१२). हा चित्रपट टोनी ब्रिग्ज यांच्या २००४च्या नाटकावरून आला. नाटकामागे होती त्यांच्या आईची, लॉरेल रॉबिन्सन यांची, हकिकत. कथा १९६८ची. ज्यांना शिरगणतीत धरण्यावर आदल्याच वर्षी सार्वमत घ्यावं लागलं, त्या समाजाच्या या मुली. गोरटेली म्हणून सरकारने लहानपणीच उचलून नेलेली चुलतबहीण त्यांच्यात सामील होते आणि चौघी विमानात बसतात.

प्रत्यक्षात चौघी गेल्या नव्हत्या. मूळ गटात तिघी होत्या: लॉरेल, बेव्हर्ली ब्रिग्ज आणि नाओमी मेयर्स. व्हिएतनामचं बोलावणं आलं तेव्हा बेव्हर्ली आणि नाओमी यांनी युद्धाला विरोध म्हणून नकार दिला. लॉरेल आपली बहीण लोइस पीलर हिला घेऊन गेल्या. चित्रपटात हा नकार येत नाही. माझ्या मते, कथेतलं सर्वांत धारदार पान तिथेच गळालं.

कारण नकाराची परंपरा या मातीतच आहे. मरे नदीकाठच्या कमेरगंजा वस्तीतले योर्टा योर्टा, म्हणजे या गायिकांच्याच समाजाचे लोक, १९३९मध्ये जाचाला कंटाळून सामूहिकरीत्या वस्ती सोडून निघाले होते. चित्रपटातलं त्यांच्या भाषेतलं ‘बुरा फेरा’ हे भक्तिगीतही इजिप्तच्या फॅरो राजाच्या सैन्यापासून झालेल्या सुटकेचं आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय फिस्क ज्युबिली गायकांनी १८८६मध्ये जवळच्या मलोगा मिशनमध्ये येऊन ते ऐकवलं. ते योर्टा योर्टा भाषेत येण्यात तिथले शिक्षक थॉमस जेम्स यांचा हात होता. जेम्स मॉरिशसमध्ये जन्मलेले, भारतीय वंशाचे. गुलामगिरीतून सुटलेल्यांचं गाणं मिशनमध्ये कोंडलेल्यांच्या ओठी आलं, त्यात आपल्याकडच्या एका स्थलांतरित घराचाही वाटा आहे.

म्हणून हा चित्रपट पाहताना पडद्यावर नसलेल्या त्या दोघींनाही आठवावं. सोलची डेव्हने सांगितलेली धडपड त्यांच्याही नकारात होती. सिडनीच्या रेडफर्नमध्ये आदिवासींनी १९७१मध्ये स्वतःचा दवाखाना उभारला. त्याचा कारभार पुढे अनेक वर्षं नाओमी मेयर्स यांनी सांभाळला.