वळचणीचं पाणी आणि तांब्याची पन्हळ

पावसाळा तोंडावर आला की मारुंजीत आम्ही वाळवणं आवरतो आणि छपराकडे बघतो. हिंजवडीकडून इमारती सरकत आल्या, तरी दगड-मातीची कौलारू घरं अजून उभी आहेत. त्यांना तांब्याची पन्हळ लावावी का, हा आजचा विषय.

पन्हळ हवी कशाला, ते आधी पाहू. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 20 बाय 10 फुटांच्या पाख्यावर 10 मिलिमीटरची सर आली, तर सुमारे 185 लिटर पाणी पागोळ्यांनी जोत्याशी आदळतं. दगडाला काही होत नाही, मधली माती धुऊन जाते. भिंतीला पोट सुटतं ते असं, आणि त्याच भिंतीला लागून आपण लेकरं निजवतो.

तांबं लोखंडासारखं गंजून झडत नाही. आधी काळवंडतं, मग वर्षानुवर्षांनी हिरवट थर धरतं, आणि तोच थर त्याला जपतो. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हंडे-बंब घडवणाऱ्यांना हे कुणी सांगायला नको. पण महाग फार! म्हणून बसवायचं तर नीट बसवावं.

लोखंडी खिळा अजिबात नको. तांब्याला लागून ओलं राहिलेलं लोखंड झपाट्याने गंजतं आणि सगळी पन्हळ खाली येते. पट्ट्या तांब्याच्या, स्क्रू तांब्याचे किंवा पितळेचे. पट्टी वाशाला ठोकायची, कौलाला नाही, आणि दर दोन-अडीच फुटांवर. दहा फुटांना अर्धा ते एक इंच उतार द्या. उन्हाने तांबं वाढतं, 20 फुटांत चारेक मिलिमीटर, त्यामुळे टोकं भिंतीत चिणू नका. वाशांच्या टोकावरच्या फळीला तांब्याची पट्टी लावलीत, तर तिची खालची कड बाहेर वळवून घ्या, नाहीतर दगडावर हिरवे ओघळ उतरतात. तांब्यावरचं पाणी जस्ती पत्र्यावरही सोडू नका, जस्त खाल्लं जातं.

आमचं मत विचाराल, तर पैसे कमी असतील तेव्हा जस्ती पत्र्याची पन्हळ पुरे. उरलेले पैसे चरावर घाला. पन्हळीचा नळ जोत्यापाशीच सोडला, तर तांबं असो की पत्रा, पाणी पुन्हा भिंतीतच मुरतं. चार-पाच फूट लांब, उताराच्या बाजूला सोडा. तांब्यावरून आलेलं पाणी पिण्यासाठी साठवू नका, झाडांना घाला. आणि पहिल्या पावसाआधी पन्हळीतला पाचोळा काढायला विसरू नका. शिडी धरायला खाली दुसरी कुणी असू द्या.