चारकोप: लहान भूखंड, सामाईक अंगण

कांदिवली पश्चिमेला चारकोपमध्ये मुख्य रस्ता सोडून आतल्या सेक्टरांत वळलं, की टॉवर मागे पडतात आणि एकमेकांना खेटून उभ्या दोन-तीन मजली घरांच्या रांगा लागतात. रंग, जिना, गच्ची प्रत्येकाची निराळी. मांडणी मात्र शिस्तीची.

जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने १९८५ पासून राबवलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातली ही वसाहत. म्हाडाने इथे तयार घरांऐवजी पाणी, मलनिस्सारण आणि रस्त्यांची सोय असलेले भूखंड दिले. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळाले ते मुख्यतः २५ आणि ४० चौरस मीटरचे. रस्त्यालगतचे मोठे भूखंड बाजारभावाने विकून या लहान भूखंडांचा खर्च हलका केला. साधारण ३५ घरांमागे एक अंगण आणि एक सहकारी सोसायटी. पुढचं बांधकाम ज्याचं त्याने, पैसा हाती येईल तसं केलं: आधी खोली, मग पोटमाळा, मग वरचा मजला.

एवढ्याशा जागेत घर बसवण्यासाठी जपानी वास्तुरचनाकार जगभर नावाजले गेले. ताकामित्सु आझुमांनी १९६६ मध्ये टोकियोत जेमतेम २० चौरस मीटरवर स्वतःचं ‘टॉवर हाऊस’ उभारलं. खोल्या एकावर एक, आत एकही दार नाही. ताडाओ आंदोंनी १९७६ मध्ये ओसाकाच्या सुमियोशी भागात, जुन्या घरांच्या रांगेत काँक्रीटचं अरुंद घर बांधलं. रस्त्याच्या बाजूला खिडकी नाही. उजेड-वारा येतो तो मधल्या उघड्या चौकातून. पावसात एका खोलीतून दुसरीत जायला छत्री घ्यावी लागते!

आंदोंनी घराचा एक तृतीयांश भाग उघडा सोडला. २५ चौरस मीटरच्या धन्याला ती चैन कुठली? म्हणून चारकोपच्या आराखड्याने चौक घराबाहेर काढून सगळ्यांत वाटला. मजले चढत गेले, तसा तळमजल्यांना उजेड-वाऱ्यासाठी या अंगणाचाच आधार उरला. त्यामुळे उद्या पुनर्विकासाचा कागद पुढे आला, तर सोसायट्यांनी चटईक्षेत्राइतकाच अंगणाचाही हिशेब मागावा.

पाहायला जायचं तर ‘मेट्रो २अ’चं डहाणूकरवाडी स्थानक किंवा कांदिवली स्टेशनहून रिक्षा सोयीची. ही लोकांची राहती घरं आहेत. फोटो काढण्याआधी विचारावं.