एक सभासद, एक मत, एक गव्हाण

तोडलेला ऊस थांबत नाही. दिवसभरात तो कारखान्याच्या गव्हाणीत पडला नाही, तर वजन घटते आणि साखरेचा उताराही. तेव्हाच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना या घाईला शेतकऱ्यांनी शोधलेले उत्तर होता.

भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरा नदीच्या कालव्यांवर ऊस वाढला. पण गुळाचा भाव व्यापारी ठरवत आणि साखरेचा नफा खासगी कारखानदार नेत. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवले. पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९४८च्या अखेरीस नोंदणी झाली आणि १९५०-५१मध्ये पहिला गाळप हंगाम पार पडला.

भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच, हा सहकाराचा विचार. त्याला शिस्त लावली ती यंत्राने. ऊस पिळणारा चरक रात्रंदिवस फिरता ठेवायचा, तर ऊस रोज ठरल्या प्रमाणात यायला हवा. म्हणून लागणीच्या नोंदी आल्या, तोडणीचा क्रम आला, ऊस आपल्याच कारखान्याला घालण्याचे बंधन आले. उद्या तोडणीची टोळी कोणाच्या फडात जाणार, वजनकाटा कोणाच्या ताब्यात, हे ठरवणारे संचालक मंडळ परिसरातली मोठी सत्ता बनले. साखरेच्या पैशातून शाळा आणि दवाखाने उभे राहिले. त्याच सत्तेभोवती घराणी आणि गटबाजीही वाढली.

प्रवरानगरचा नमुना पुढे राज्यभर गेला. आता कारखाने मळीपासून इथेनॉल आणि चिपाडापासून वीज करतात. या जोडधंद्यांना मोठे भांडवल लागते. कर्जात बुडालेले कित्येक सहकारी कारखाने विकले गेले आणि तिथे सभासदाचा नुसता ऊस पुरवठादार झाला.

या रचनेत एक माणूस सुरुवातीपासूनच बाहेर राहिला. बीडसारख्या जिल्ह्यांतून कोयता घेऊन येणारी जोडपी ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, गाडी भरतात आणि हंगामभर पालात राहतात. त्यांच्या वेगावर चरक चालतो, पण त्यांना ना भाग, ना मत. आता फडात तोडणी यंत्रेही उतरली आहेत. ती कोणाच्या मालकीची असावीत, हा प्रश्न कारखान्यांनी वार्षिक सभेत घ्यावा आणि तोडणी कामगारांच्या सहकारी संस्थांना पहिला हक्क द्यावा. सहकाराचे हे काम पाऊण शतक राहून गेले आहे.