सैनिकांचाही विश्वचषक असतो

फिफाच्या विश्वचषकाखेरीज फुटबॉलचा आणखी एक विश्वचषक आहे, तो सैनिकांचा. १९४८ साली पाच युरोपीय देशांनी स्थापन केलेली आंतरराष्ट्रीय सैनिकी क्रीडा परिषद तो भरविते. 'खेळातून मैत्री' हे तिचे ब्रीद. परिषदेच्या जागतिक क्रीडास्पर्धांतही फुटबॉल असतो. २००७ मध्ये त्या स्पर्धा हैदराबादेत झाल्या. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या छत्रपती संभाजीनगरला ते शहर परके नाही. तेथे समुद्र नसल्याने शिडाच्या नौकांच्या शर्यती तेवढ्या मुंबईत झाल्या!

मात्र या स्पर्धांतला 'सैनिक' सर्वत्र सारखा नसतो. दक्षिण कोरियात लष्करी सेवा सक्तीची आहे. त्यामुळे निवडक व्यावसायिक फुटबॉलपटू सेवेचा काळ 'सांगमू' या सैनिकी संघातून खेळतात. आपल्याकडे सैन्यभरती ऐच्छिक. साहजिकच नामांकित क्लबांत रमलेला खेळाडू लष्कराच्या संघात सहसा दिसत नाही. त्यामुळे अशा लढतींच्या निकालावरून दोन देशांच्या फुटबॉलची तुलना करणे फसवे ठरते. अर्थात आपले जवान कच्चे मुळीच नव्हेत. २०१६ मध्ये नागपुरात संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात सेनादलाने यजमान महाराष्ट्रालाच २-१ असे नमविले होते.